चाराला तेरा मिनिटं कमी

वेळापत्रक आखणाऱ्याला जगात कुणी दुवा देत नाही. सगळं वेळेवर झालं तर ते आपोआप झालं, आणि जरा इकडचं तिकडे झालं की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार! विमानतळाच्या तळमजल्यावर, रडार विभागात बसणारी घड्याळबाई मात्र या बाबतीत नशीबवान निघाली. वरच्या मजल्यावरचे कंट्रोलर तिला चक्क दुवा द्यायचे. आणि ज्या गोष्टीसाठी द्यायचे, त्याच गोष्टीने एक दिवस तिच्या घरच्या माणसाचा घात करायला घेतला. कसा, ते ऐका.

रडार म्हणजे काही देव नव्हे. ते दिवसरात्र गरगर फिरतं, त्याच्या दातेरी चाकांना तेल लागतं, पट्टे झिजतात, आतल्या पंख्यांत धूळ बसते. म्हणून महिन्यातून एकदा दोन तास ते बंद ठेवून त्याची निगा राखायची. कधी ठेवायचं, हे ठरवणं बाईचं काम. तिने फार पूर्वी वर्षभराची विमानं मोजून शोध लावला होता, की पहिल्या मंगळवारी दुपारी दोन ते चार आकाश सगळ्यात मोकळं असतं. "पहिल्याच मंगळवारी का, दुसऱ्या का नाही?" असं साहेबांनी एकदा विचारलं, तर तिने तीन तक्ते काढून त्यांच्यापुढे पसरले. साहेबांनी पुन्हा तिला काही म्हणून विचारलं नाही.

विचारायची खोड तिलाच होती. तिच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. लग्न झाल्या झाल्या तिने त्याला विचारलं होतं, "नवा चष्मा घालून बघताना माणसं तोंड का उघडतात हो?" तोवर काही वर्षं धंदा केलेल्या त्या माणसाला हे कधी दिसलंच नव्हतं. आता त्याला ते रोज दिसतं, आणि तो म्हणतो, बायकोने माझी झोप उडवली.

तर रडार परत द्यायची मुदत चारची. पण बाईने चार कधी वाजूच दिले नाहीत. अकरा वर्षांत एकशे बत्तीस वेळा रडार बंद झालं, त्यातल्या एकशे एकोणतीस वेळा ते मुदतीच्या आधी वर गेलं. कधी आठ मिनिटं आधी, कधी बारा, एकदा तर एकोणीस. उशीर? नाव नको! राहिलेल्या तीन वेळी बरोबर चार वाजता दिलं, तर ते तीन दिवस बाई जेवताना कुणाशी बोलली नाही. हत्यारं आदल्या दिवशीच क्रमाने मांडून ठेवायची, जाळ्या धुवायला वेगळा माणूस, तेल घालायला वेगळा. तिचा मुख्य मेकॅनिक, ज्याला त्याच्या उंचीमुळे सगळे लांब्या म्हणत, तो दोन वाजायच्या आधीच शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून उभा असायचा. काम संपलं की बाई स्वतः फोन उचलून वर सांगायची, "घ्या, दिलं!" आणि वरून आनंदाचा गलका ऐकू यायचा. घड्याळबाई हे नाव त्या गलक्यातच पडलं.

वर बसणाऱ्यांत तिची नणंद होती. नणंद म्हणजे बेबी. आता एक्केचाळीस वर्षांच्या, दर तासाला तीसेक विमानं सांभाळणाऱ्या बाईला बेबी म्हणणं बरं दिसत नाही, पण घरात एकदा नाव पडलं की पडलं. बेबीने लग्न केलं नाही. भाऊ-वहिनीच्या घरातच राहायची, आणि वहिनीशी तिचं इतकं गूळपीठ की भाऊच मधे उपरा. दोघी एकाच इमारतीत नोकरी करायच्या, सकाळी एकत्र निघायच्या, आणि तरी घड्याळबाईने वरची खोली कधी पाहिली नव्हती. खालच्यांनी वर जायची पद्धतच नव्हती. दोन्ही मजल्यांची ओळख ती फक्त टेलिफोनपुरती.

आणि मग त्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बेबी जिन्याने खाली आली ती पांढरीफटक. रडार त्या दिवशी चाराला तेरा मिनिटं कमी असताना परत मिळालं होतं. चाराला चार कमी असताना बेबीच्या स्क्रीनवरची दोन विमानं एकमेकांच्या नको तितकी जवळ आली. एकाच उंचीवर असली तर मधे पाच मैल हवेत, तिथे साडेतीनच राहिले. बेबीनेच ते आधी पाहिलं, बेबीनेच एकाला डावीकडे वळवलं. विमानात बसलेल्यांना कपातला चहा जरासा कलला, एवढंच कळलं असेल. पण हद्द मोडली ती मोडली. बेबीने स्वतः उठून ते कळवलं, आणि नियमाप्रमाणे त्याच तासाला तिला खुर्चीवरून उठवलं. पाच आठवड्यांनी चौकशी. चूक तिची ठरली तर परवाना जाणार, आणि उरलेली नोकरी फायलींच्या खोलीत.

घरी बेबीने कपाटं आवरायला घेतली. आवरलेली पुन्हा आवरली. वरून विमान गेलं की तिचा हात थांबायचा, आणि ते गेल्यावर पुन्हा सुरू व्हायचा. भाऊ म्हणाला, "बेबे, माणसाच्या हातून होतं गं." ती म्हणाली, "माझ्या हातून नाही होत, दादा. बारा वर्षांत नाही झालं."

तिसऱ्या दिवशी भांडी पुसता पुसता बाईने हळूच विचारलं, "रडार नव्हतं तेव्हा झालं असतं तर समजू शकते. पण रडार आलेलं होतं ना?"

"आलेलं होतं."

"मग दिसत नव्हती का विमानं?"

"दिसत होती, वहिनी." बेबीने फडकं खाली ठेवलं. "दोन्ही दिसत होती. दिसत असून मी बघत नव्हते. ते कसं, मला विचारू नकोस. मला माहीत नाही."

झालं! दिसत असून बघत नव्हते म्हणजे काय? बाईच्या डोक्यात भुंगा शिरला. नणंदेसाठी जीव तुटत होता हे खरं, पण नुसता जीव तुटला असता तर ती चार दिवस रडली असती. या बाईला रडण्याआधी समजून घ्यायचं असतं.

पहिला संशय तिने स्वतःच्याच पोटच्या पोरावर घेतला, म्हणजे रडारवर. तेल-पाणी करून चालू केल्यावर पहिली काही मिनिटं ते विमानं भलतीकडे दाखवतं की काय? तिने मागच्या वर्षभराच्या नोंदी काढल्या. टेकडीवर एक ठरलेला खांब आहे, त्याची खूण रडारवर कुठे दिसायला हवी ते मीटर-मीटरने ठाऊक असतं. प्रत्येक वेळी खूण जागच्या जागी. पोर निर्दोष. तिला हायसं वाटलं, आणि लगेच वाटल्याची लाजही वाटली, कारण रडार निर्दोष म्हणजे बेबी दोषी.

मग तिने वरची निरीक्षण वही मागवली. काही खटकलं की कंट्रोलर त्यात दोन ओळी लिहितात. "अमुक विमानाला उंची दोनदा सांगावी लागली", "अमुक ठिकाणी जरा घाई झाली", असल्या बारीकसारीक गोष्टी. कुणी त्या कधी वाचत नाही, हे सांगायला नकोच. बाईने अकरा वर्षांचे पहिले मंगळवार वाचून काढले. तेवीस नोंदी निघाल्या. दोन तास रडार बंद असतानाची एक. चार वाजून गेल्यानंतरच्या दोन. बाकीच्या वीस? त्या सगळ्या रडार परत मिळाल्यापासून चार वाजेपर्यंतच्या.

तिने पुन्हा मोजलं. वीसच. आंधळेपणी एक आणि डोळे मिळाल्यावर वीस! हे काय गौडबंगाल आहे? तिने नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "नवा चष्मा घातल्यावर पहिल्या दिवशी पायरी चुकते लोकांची." उत्तर वाईट नव्हतं. पण हे लोक बारा वर्षं तोच चष्मा घालत होते.

चौकशीच्या आधी एक पहिला मंगळवार यायचा होता. बाईने अर्ज केला, की यावेळी मी खाली नाही, वर बसणार. साहेबांनी "कशाला?" असं विचारायला तोंड उघडलं, तक्त्यांची आठवण झाली, आणि सही केली.

वरची खोली तिला वाटली होती त्याहून लहान आणि शांत निघाली. पायाखाली जाड गालिचा, दिवे मंद, पाच टेबलं, प्रत्येकावर एक मोठा गोल स्क्रीन आणि शेजारी कागदी पट्ट्यांचा साचा. एका विमानाची एक पट्टी. शिफ्टचा प्रमुख, ज्याला सगळे मास्तर म्हणत, त्याने तिला कोपऱ्यात खुर्ची दिली आणि बजावलं, "बाई, इथे प्रश्न विचारायचे नाहीत. चार वाजल्यावर हवे तेवढे विचारा." बाईसाठी ही शिक्षाच होती, पण तिने तोंडाला कुलूप लावलं.

दोन वाजता खालून लांब्याने रडार बंद केलं, आणि स्क्रीनवरचे ठिपके विझले. आता आकाश फक्त कागदावर. प्रत्येक टेबलाशी दोन माणसं बसली. एक बोलणारा आणि एक लिहिणारा, त्याला तिथे जोडीदार म्हणत. वैमानिक सांगणार, मी अमुक ठिकाणी, अमुक उंचीवर. जोडीदार ते पट्टीवर लिहिणार, बोलणारा वाचून पुढचा हुकूम देणार, आणि एका वाटेवरच्या दोन विमानांत दहा मिनिटांचं अंतर ठेवणार. शेजारच्या केंद्रालाही आधीच सांगितलेलं, की दहा मिनिटांना एकच पाठवा. दोघांनी मिळून चादरीची घडी घालावी तसं ते काम चाललं होतं. सावकाश, टोकाला टोक जुळवत. कुणी घाई करत नव्हतं. बाईला वाटलं होतं इथे दोन तास जीव मुठीत धरून बसलेले लोक दिसतील. जीव मुठीत होताच, कपाळं घामेजलेली होती, पण चुकायला मात्र जागाच नव्हती. एकाचं सुटलं तर दुसरा धरायचा.

चाराला चौदा कमी. फोन वाजला. लांब्याचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला, "घ्या, दिलं! बाई नाहीत तर काय झालं, त्यांचं नाव खाली पडू देणार नाही आम्ही!"

खोलीने हुश्श केलं. कुणीतरी म्हणालं, "घड्याळबाई कीऽ," आणि बाकीचे म्हणाले, "जय!" आणि कोपऱ्यात बसलेल्या बाईकडे बघून हसले. बाईची कॉलर ताठ झाली, खोटं कशाला बोला.

पण नंतर जे झालं ते ती डोळे फाडून बघत राहिली. पाचही जोडीदार उठले, आळोखेपिळोखे दिले, कानावरची यंत्रं काढून ठेवली आणि चहाला चालते झाले. मास्तरने शेजारच्या केंद्राला फोन लावला, "आलं आमचं." दोनच शब्द. तिकडे पावणेदोन तास अडवून धरलेली विमानं होती, त्यांनी नळ सोडला. बाईच्या समोरच्या टेबलाशी आता एकच तरुण कंट्रोलर उरला होता. त्याच्या हातात पेन्सिल तशीच होती. साच्यात तीन पट्ट्या होत्या, त्या सहा मिनिटांत आठ झाल्या. स्क्रीनवर ठिपके उगवले होते, पण कुठला ठिपका कुठल्या पट्टीचा, हे एकेका वैमानिकाला विचारून पक्कं करायला हवं. तो पट्टी वाचायचा, स्क्रीन बघायचा, पुन्हा पट्टी. मधे कानात कुणीतरी वैमानिक बोलायचा. उंची कागदावर शोधावी की स्क्रीनवर, त्याची मान ठरवत नव्हती. जोडीदाराच्या रिकाम्या खुर्चीकडे पट्टी सरकवायला त्याचा हात एकदा गेलासुद्धा, आणि हवेतून परत आला.

बाईला बेबीचं वाक्य आठवलं. दिसत असून बघत नव्हते. हे बघ, हे!

चाराच्या ठोक्याला दार उघडलं आणि नवी शिफ्ट आत आली. ताज्या दमाची, तोंड धुतलेली माणसं. प्रत्येक टेबलाशी दोन-दोन डोकी जमली, जुना नव्याला समजावू लागला, आणि पाच मिनिटांत खोली पुन्हा ताळ्यावर आली. त्या दिवशी कुणाच्या हातून काही झालं नाही. पण न होण्यात कुणाची हुशारी नव्हती, हे बाईने पाहिलं होतं.

"आता विचारा," मास्तर म्हणाला.

"जोडीदार का गेले?"

"रडार आलं की जोडीदार सुटतो. नियमच आहे तसा."

"नियम कधीचा?"

मास्तरने डोकं खाजवलं. "माझ्या आधीचा. तेव्हा रडार चारलाच यायचं. जोडीदार उठायचे तोवर दारात नवी शिफ्ट उभी असायची. मग तुमची ही वरची मिनिटं मिळायला लागली."

"मास्तर, ती मिनिटं तुम्हाला बरी वाटत होती का?"

मास्तरने आजूबाजूला पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "कधीकधी वाटायचं, नको बाबा. या वेळी थेट चारलाच येऊ दे. पण बाई, तुम्ही खाली घाम गाळून आमच्यासाठी लवकर देणार, आणि आम्ही म्हणायचं नको? धर्माची गाय आणि दात का नाय, असं झालं असतं."

बाई जिना उतरली. दुनियाभर शोधलं, आणि काखेत कळसा. एकशे तीस दुपारी तिने घाई केली होती, आणि वहीतल्या त्या वीस नोंदी त्या घाईची पोरं होती. एकविसावी तिच्या घरात कपाटं आवरत बसली होती.

त्या संध्याकाळी तिने बेबीला सगळं सांगितलं. बेबी ऐकत गेली, ऐकत गेली, आणि एकदम उसळली.

"हे तू चौकशीत सांगायचं नाहीस."

"का?"

"का काय? लोक म्हणतील वहिनीने नणंदेला पदराखाली घेतलं. आणि वहिनी, तिथे पेन्सिल हातात घेऊन कोण बसलं होतं? तुझं वेळापत्रक? मी बसले होते. मी एकाची उंची वाचली नाही. मला ती चूक माझी म्हणून हवी आहे. ती कुणी काढून घेतली तर मी उद्या त्या खुर्चीवर कुठल्या तोंडाने बसू?"

"खुर्ची राहिली तर बसशील ना, बाई!" घड्याळबाईचाही पारा चढला. "तुझी चूक तुझ्यापाशी ठेव, लोणचं घाल तिचं. मी तुला वाचवायला जात नाही. बेबे, तुझ्या जागी उद्या तो पेन्सिलवाला पोरगा असेल. तुला काढून टाकतील आणि तेरा मिनिटं तिथेच राहतील. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"आणि चोर कोण?"

"मी," बाई म्हणाली. "दुसरं कोण?"

भाऊ दारातून आत येत होता, तो तसाच मागे फिरला. शहाणा माणूस.

चौकशीला तिघं बसले होते. मधे अध्यक्ष, जुने वैमानिक, भुवया पांढऱ्या आणि आवाज खरखरीत. भिंतीशी मास्तर, टेबलाच्या एका बाजूला बेबी, हात मांडीवर बांधून. ती वहिनीकडे बघतही नव्हती.

बाईने तक्ता मांडला. तेवीस नोंदी, त्यातल्या वीस कुठल्या. जोडीदार कधी उठतात, शेजारचा नळ कधी सुटतो, नवी शिफ्ट कधी येते. आपण होऊन पायावर धोंडा पाडून घेणारी बाई या खोलीत याआधी कुणी पाहिली नसावी, कारण एका सभासदाने लिहिणंच थांबवलं.

"म्हणजे रडार मुदतीच्या आधी देणं हेच कारण, असं तुमचं म्हणणं?" अध्यक्षांनी विचारलं.

"आधी देणं, आणि त्याच क्षणी जोडीदार उठणं. दोन्ही चांगलीच कामं. एकत्र आली की वाईट."

"आधी किती वेळा दिलंत?"

"एकशे तेहतिसांपैकी एकशे तीस वेळा."

"आधी द्या असं कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"मग घाई कशाची होती?"

साधा प्रश्न. सगळ्या जगाला का-का म्हणून भंडावून सोडणाऱ्या या बाईने हा एवढा एक का स्वतःला कधी विचारला नव्हता. नाव व्हावं म्हणून? नाव तर नंतर पडलं. साहेबांच्या शाबासकीसाठी? साहेब कुठले शाबासकी देतात! तिने मागे-मागे जाऊन पाहिलं, पहिल्यांदा आधी दिलं तो मंगळवार शोधला, आणि त्याच्या आदल्या महिन्याचा मंगळवार तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"ही नवी होती," बेबीकडे बघत ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "परवाना मिळून वर्ष झालं असेल. रडार बंद असताना पहिल्यांदा एकटीच्या जबाबदारीवर बसली होती. घरी आली तर हिला पाण्याचा पेला उचलता येईना. हात असे थरथरत होते. मी विचारलं, काय झालं गं? तर म्हणाली, काही नाही वहिनी, दोन तास श्वास धरून बसले होते." बाई थांबली. "मला वर येऊन हिच्याजवळ बसता येत नव्हतं. मला फक्त रडार लवकर देता येत होतं. म्हणून देत गेले."

बेबीने वर पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिने पुसलेही नाहीत.

"अकरा वर्षं?" ती म्हणाली. "अगं, मला वाटायचं तू मिरवायला लवकर देतेस! सगळ्यांना तसंच वाटायचं!"

"मिरवत होतेच की," बाई म्हणाली. "नंतर नंतर."

अध्यक्षांनी खाकरून दोघींना गप्प केलं, आणि मग दोन्ही सभासदांशी बराच वेळ डोकं जुळवून बोलले. निकाल सरळ होता. उंची वाचायची राहून गेली ही नोंद बेबीच्या नावावर राहील. ती चूक तिने स्वतः पाहिली, स्वतः सुधारली आणि स्वतः कळवली, म्हणून परवाना कायम. दोन आठवडे देखरेखीखाली बसेल, मग तिची खुर्ची तिला. नियम बदलेल. जोडीदार रडार आल्यावर पंधरा मिनिटं उठणार नाही, आणि रडार मुदतीलाच वर जाईल. आधी नाही.

"आणि काम आधी संपलं तर?" एका सभासदाने विचारलं.

"तर बसून राहायचं," बाई म्हणाली. तिला वाटलं, यात काय मोठं? दोन शब्दांचं काम.

पुढच्या महिन्याचा पहिला मंगळवार उजाडला. बेबीची ती एकटीच्या जबाबदारीवरची पहिली शिफ्ट होती. सकाळी दोघी नेहमीसारख्या एकत्र निघाल्या, जिन्यापाशी वेगळ्या झाल्या. बेबीने वहिनीचा दंड एकदा घट्ट दाबला. तिचा हात गार पडला होता.

खाली काम असं झरझर झालं की विचारू नका. तेल झालं, जाळ्या झाल्या, एकही स्क्रू हट्टाला पेटला नाही. खांबाची खूण तपासली, जागच्या जागी. रडार डोक्यावर छान फिरत होतं, तळमजल्याच्या स्क्रीनवर सगळी विमानं लख्ख दिसत होती. फक्त वर काही दिसत नव्हतं, कारण चित्र वर पाठवणारी कळ बाईच्या हाताशी होती आणि ती तिने दाबली नव्हती. घड्याळात चाराला सतरा मिनिटं कमी.

बाई खुर्चीत बसली. उठली. पुन्हा बसली. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. एक मिनिट एवढं लांब असतं हे तिला या नोकरीत आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

लांब्या शिडीवरून उतरला, हात पुसत आला आणि तिच्या मागे उभा राहिला. चाराला नऊ कमी झाले तेव्हा त्याला राहवेना.

"बाई, सगळं ठीक आहे. देऊ का?"

"नाही."

"अहो, पण वर आज बेबीताई बसल्यात ना?"

"हो," बाई म्हणाली. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं होतं आणि ते पुसायला हात मोकळे करायची तिची छाती होत नव्हती. "म्हणूनच नाही."